कुणी तुमचा डीपफेक बनवला तर? इटलीचा कायदा आणि आपले नियम

2025 च्या दिवाळीत मी संगमनेरला घरी होतो. रात्री चुलत बहीण फोन घेऊन आली, रडत होती. तिच्या कॉलेजच्या फोटोवरून कुणीतरी एआयने नग्न फोटो बनवून एका ॲपवर टाकला होता. आम्ही लगेच रिपोर्ट केला, पण फोटो हटायला चार दिवस लागले. तोवर तो अख्ख्या कॉलेजात फिरला होता.

इटलीने काय केलं?

त्याच महिन्यात, 10 ऑक्टोबरला, इटलीत एआयचा स्वतंत्र कायदा लागू झाला. युरोपियन युनियनचा एआय कायदा 2024 पासून आहेच. त्यात धोका जितका मोठा, तितके कंपन्यांवर नियम कडक. इटलीने एक पाऊल पुढे टाकलं. संमतीशिवाय खरा वाटेल असा डीपफेक पसरवून कुणाचं नुकसान केलं, तर 1 ते 5 वर्षं तुरुंगवास. शिवाय 14 वर्षांखालच्या मुलांना एआय वापरायला पालकांची संमती लागते.

आपल्याकडे काय आहे?

एआयसाठी वेगळा कायदा नाही. पण 2021 चे आयटी नियम बदललेत आणि ते बदल 20 फेब्रुवारी 2026 पासून लागू आहेत. एआयने बनवलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या फोटो-व्हिडिओवर तसं लेबल हवं. नग्न किंवा मॉर्फ केलेल्या फोटोची तक्रार आली, की ॲपने 2 तासांत कारवाई करायची. आधी ही मुदत 24 तासांची होती.

फरक लक्षात घ्या. इटलीत डीपफेक पसरवणं हाच वेगळा गुन्हा आहे. आपले हे नियम मुख्यतः ॲपला बांधतात. पसरवणाऱ्यावर जुन्याच कायद्यांची कलमं लागतात.

तुमच्यासोबत झालं तर?

1. आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि प्रोफाइलचं नाव सेव्ह करा. फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका.
2. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा, वेळ नोंदवून ठेवा. त्याने दाद दिली नाही, तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.
3. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा अहिल्यानगरच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

त्या रात्री काकूने बहिणीलाच विचारलं, "फोटो टाकायचाच कशाला?" तिने टाकलेला फोटो मैत्रिणींसोबतचा, साधा होता. त्याचं काय करायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं. जाब त्याला विचारायचा असतो.