विश्लेषण : घरच्या वायफायवरून गुन्हा घडला तर पोलीस कोणाच्या दारी?

तळोजा, खारघर, उलवे अशा नोडमध्ये नव्या घराचा ताबा मिळाला की वीजमीटर आणि गॅसजोडणीपाठोपाठ ब्रॉडबँडची तार घरात येते. राउटर भिंतीवर लागतो, मोबाइलला वायफाय मिळते आणि पुढे त्या डब्याकडे कोणी पाहत नाही. मात्र त्या जोडणीवरून कोणीही काहीही केले तरी पहिला माग जोडणीधारकाच्या घरापर्यंतच येतो. नवी मुंबईने हे २००८ मध्ये अनुभवले आहे.

सानपाड्यात काय घडले होते?

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. त्यात ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तवाहिन्यांना ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तेथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता. त्याचे संगणक तपासासाठी ताब्यात घेण्यात आले, त्याची चौकशी झाली. अखेर तो निर्दोष असल्याचे आणि त्याच्या असुरक्षित वायफायचा गैरवापर झाल्याचे समोर आले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कार्यालयाच्या वायफायवरून असेच ई-मेल गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याबाबत सेवापुरवठादारांना सूचना दिल्या.

माग घरापर्यंतच का येतो?

घरात दोन मोबाइल, एक लॅपटॉप, टीव्ही आणि सीसीटीव्ही कॅमेरा असला तरी बाहेरच्या जगाला ही सगळी साधने एकाच आयपी पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. तो पत्ता राउटरच्या जोडणीला मिळालेला असतो. सोसायटीच्या प्रवेशद्वारावर एकच पत्ता असतो आणि आतल्या सदनिका बाहेरून कळत नाहीत, तसेच हे आहे. तपास यंत्रणा सेवापुरवठादाराला विचारते, की अमुक दिवशी अमुक वेळी हा पत्ता कोणाकडे होता? उत्तरात जोडणीधारकाचे नाव येते. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादारांना अशा नोंदी किमान १८० दिवस ठेवाव्या लागतात. घरातील साध्या राउटरमध्ये मात्र ‘त्या वेळी कोणता मोबाइल जोडलेला होता’ याची नोंद फार काळ टिकत नाही. अनेकदा वीज जाताच ती पुसली जाते. म्हणजे संशय आणणारी नोंद सुरक्षित राहते, पण तो दूर करू शकणारी राहत नाही.

पासवर्ड असूनही धोका का?

आज बिनपासवर्डचे वायफाय क्वचितच दिसते. खरी अडचण कमकुवत पासवर्डची आहे. जोडणी करताना ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. वायफायच्या टप्प्यात बसून मोबाइल आणि राउटर यांच्यातील सुरुवातीची देवाणघेवाण टिपता येते. मग घरी नेऊन सवडीने पासवर्डचा अंदाज बांधता येतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण शक्तिशाली ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकासाठी ते काही तासांचेच काम असते.

दुसरी फट ‘डब्ल्यूपीएस’ या सोयीची. आठ अंकी पिन टाकून उपकरण जोडण्याची ही पद्धत. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता. पण राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो. त्यामुळे प्रत्यक्षात जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले. तिसरी फट माणसांची. पाहुणे, शेजारी, जुने भाडेकरू अशा अनेकांकडे तोच पासवर्ड वर्षानुवर्षे असतो.

राउटरलाच संसर्ग होतो का?

होतो. राउटर हाही छोटा संगणकच आहे. त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि तो बहुधा ‘अ‍ॅडमिन’ हाच राहून जातो. २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रणालीने अशाच सुमारे ६० ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला केला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास कोलमडली. जुलै २०१७ मध्ये भारतातही मूळ पासवर्ड न बदललेल्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला. ‘मिराई’ केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने राउटर बंद-चालू केल्यावर जात असे. मात्र पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येत असे.

इंटरनेट मंदावले तर काय पाहावे?

आधी फायबरच्या डब्यावरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येत नाही. रस्ता खोदताना तार तुटली असेल किंवा घरातच ती वाकली असेल. अशा वेळी सेटिंगशी खेळून उपयोग नाही, थेट तक्रार करावी. दिवे ठीक असतील तर लॅपटॉप तारेने जोडून वेग तपासावा. तारेवर वेग चांगला आणि वायफायवर कमी असेल, तर दोष हवेतल्या संकेतात आहे.

नव्या टॉवरमध्ये याचे कारण बहुधा भिंती असतात. अनेक प्रकल्पांत विटांऐवजी सलग काँक्रीटच्या भिंती असतात आणि त्यातील लोखंडी सळ्या संकेत अडवतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झचा दूर जातो. पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर आठ-दहा राउटर असतील तर त्यांची गर्दी होणारच. राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून घराच्या मध्यावर, उंचावर आणल्यास बराच फरक पडतो. शिवाय पासवर्ड बदलल्यानंतर वेग एकदम सुधारला, तर आतापर्यंत दुसरेच कोणी जोडलेले होते का, ही शंका घ्यायला हवी.

‘रीसेट’ आणि ‘रीस्टार्ट’ एकच का?

नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणे. त्यात सेटिंग शाबूत राहतात. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून केलेला रीसेट मात्र राउटर कारखान्यातून आला तसा करतो. सेवापुरवठादाराचे लॉगिन पुसले जाऊ शकते आणि बदललेले सगळे पासवर्ड जाऊन स्टिकरवरचे मूळ पासवर्ड परत येतात. दुरुस्तीच्या नावाखाली रीसेट झाला असेल, तर सुरक्षेची कामे पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात.

ती कामे कोणती?

राउटरच्या सेटिंगचा पत्ता आणि लॉगिन बहुधा मागच्या स्टिकरवर असते. तेथून सेटिंगचा पासवर्ड बदलावा. वायफायसाठी ‘डब्ल्यूपीए-३’ किंवा निदान ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावे. पासवर्ड नाव, क्रमांक, जन्मतारीख नसलेला, चार-पाच असंबद्ध शब्दांचा असावा. ‘डब्ल्यूपीएस’ आणि बाहेरून नियंत्रणाची सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवावे. महिन्यातून एकदा जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी आणि राउटरची प्रणाली अद्ययावत करावी. उपकरणांतील घातक प्रणाली शोधण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधने २०१७ पासून उपलब्ध आहेत.

पोलिसांकडून विचारणा झालीच तर?

घाबरून संगणक फॉरमॅट करू नये किंवा राउटर रीसेट करू नये. निर्दोषपणाचा पुरावा त्यातच असू शकतो. जोडलेल्या उपकरणांच्या यादीचे छायाचित्र घ्यावे, त्या वेळी घरात कोण होते याची नोंद करावी आणि वकिलाचा सल्ला घेऊन तपासाला सहकार्य करावे. वायफायचा गैरवापर होत असल्याचे आपल्यालाच आधी लक्षात आले, तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. तक्रारीची तारीख पोलिसांच्या विचारणेच्या आधीची असेल, तर आपली बाजू मांडणे बरेच सोपे जाते.