लॅपटॉपची निद्रा आणि जागृती : लिनक्स प्रणालीतील योजना व चाचणी

प्रास्ताविक

तास संपल्याची घंटा होते, आपण लॅपटॉपचे झाकण मिटतो आणि पुढच्या वर्गाकडे निघतो. झाकण मिटले म्हणजे यंत्र झोपले, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा ती खरी ठरते; पण एखादे वेळी ती चुकली की त्याची किंमत मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने उर्दूच्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका टंकित केली, ती जतन न करताच झाकण मिटले आणि लॅपटॉप पिशवीत घालून दोन तासांचा बसप्रवास केला. उतरल्यावर पिशवी गरम लागली. यंत्र झोपलेच नव्हते. बॅटरी संपून ते बंद पडले होते आणि प्रश्नपत्रिकेचा बराचसा भाग नाहीसा झाला होता. दोष यंत्रापेक्षा लेखकाच्या अज्ञानाचा अधिक होता. ज्या शिक्षक बंधू-भगिनींच्या लॅपटॉपवर उबंटू, डेबियन किंवा फेडोरा यांसारखे लिनक्सचे वितरण आहे, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये, हा या लेखाचा हेतू आहे.

निद्रेचे तीन प्रकार

लॅपटॉपच्या वीजबचतीसाठी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी 1992 मध्ये एपीएम हे मानक आणले. त्यात बहुतेक सूत्रे बायोसच्या हाती होती. 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार कार्यप्रणालीकडे आला. आजची व्यवस्था याच मानकावर उभी आहे. व्यवहाराच्या दृष्टीने तिच्यातील तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार गाढ झोपेचा. याला एस-3 किंवा 'डीप' म्हणतात. पडदा, प्रक्रियक, डिस्क या सर्वांची वीज तोडली जाते. फक्त स्मृतीला, म्हणजे रॅमला, थोडी वीज मिळत राहते. आपले काम त्या रॅममध्येच असते.

दुसरा प्रकार डुलकीचा. याला 'एस-टू-आयडल' म्हणतात. यात यंत्र पूर्ण झोपत नाही. सर्व भाग शक्य तितके निष्क्रिय होऊन स्वस्थ बसतात. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एवढीच सोय असते. सगळे भाग खरोखर शांत झाले तर ही डुलकीही काटकसरीची असते. एखादा भाग जागा राहिला तर मात्र ते झोपेचे सोंग ठरते, आणि बॅटरी आतल्या आत संपत जाते.

तिसरा प्रकार हायबरनेट, म्हणजे शीतनिद्रा किंवा एस-4. यात रॅममधील मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि यंत्र संपूर्ण बंद होते. बॅटरी काढून ठेवली तरी काम सुरक्षित राहते.

पहिल्या दोन प्रकारांत काम विजेच्या आधारावर टिकते, तिसऱ्यात डिस्कच्या. हा भेद समजला की पुढचे सर्व सोपे होते.

झोपताना काय घडते?

झोपेची आज्ञा मिळताच कर्नल प्रथम चालू कार्यक्रम गोठवते. त्यासाठी साधारणतः 20 सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात एखादा कार्यक्रम गोठला नाही, तर झोपेचा बेत रद्द होतो आणि यंत्र जागेच राहते. त्यानंतर वायफाय, ध्वनी, पडदा इत्यादी उपकरणे एकेक करून निजवली जातात आणि शेवटी प्रक्रियकाचा क्रम येतो. जागे होताना हाच क्रम उलटा चालतो. जागे झाल्यावर पडदा काळाच राहतो किंवा वायफाय सापडत नाही, याचे कारण बहुधा त्या उपकरणाच्या चालकात, म्हणजे ड्रायव्हरमध्ये असते.

आपले यंत्र कोणती झोप घेते?

पुढील सर्व नावे टंकित करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत. 'सिस' निर्देशिकेतील 'पॉवर' या उपनिर्देशिकेत 'मेम_स्लीप' नावाची फाइल असते. टर्मिनलमध्ये 'कॅट' आज्ञेने ती वाचावी. तिथे 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' ही दोन्ही नावे दिसली, तर चौकटी कंसातील प्रकार सध्या लागू आहे असे समजावे. 'डीप' उपलब्ध असून निवडलेले नसेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने तो शब्द त्याच फाइलमध्ये लिहून प्रयोग करता येतो. हा बदल पुन्हा सुरुवात केल्यावर पुसला जातो, त्यामुळे प्रयोग फसला तरी कायमचे नुकसान होत नाही. 'डीप' हे नावच दिसत नसेल, तर त्या यंत्रात ती सोय नाही. अशा वेळी हायबरनेटचा विचार करावा.

झाकणाची योजना

झाकण मिटल्यावर काय करायचे हे सिस्टमडीचा 'लॉगिनडी' हा भाग ठरवतो. 'इटीसी' निर्देशिकेतील 'सिस्टमडी' उपनिर्देशिकेत त्याची 'लॉगिनडी डॉट कॉन्फ' ही फाइल असते. तीत 'हँडललिडस्विच' या नावापुढे 'सस्पेंड', 'हायबरनेट' किंवा 'इग्नोर' यांपैकी एक शब्द लिहिता येतो. 'सस्पेंड-देन-हायबरनेट' असा चौथा पर्यायही आहे. त्यात यंत्र आधी झोपते आणि काही काळाने आपोआप शीतनिद्रेत जाते. प्रवास करणाऱ्या शिक्षकाला हाच सर्वांत सोयीचा. केडीईसारख्या डेस्कटॉपमध्ये ही निवड वीज-व्यवस्थापनाच्या खिडकीतून करावी, कारण तिथली निवड फाइलमधील नोंदीवर मात करते.

वर्गात शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. प्रोजेक्टर जोडलेला असताना झाकण मिटले, तर मूळ योजनेनुसार यंत्र झोपत नाही. दुसरा पडदा जोडलेला आहे, म्हणजे काम चालू आहे, असे ते मानते. म्हणून आधी प्रोजेक्टरची वायर काढावी, मग झाकण मिटावे आणि यंत्र झोपल्याची खूण दिव्यावरून पाहूनच ते पिशवीत ठेवावे.

हायबरनेटची पूर्वतयारी

शीतनिद्रेसाठी डिस्कवर स्वॅपची जागा लागते. ती रॅमइतकी किंवा थोडी अधिक ठेवणे सुरक्षित. फेडोरात 2020 पासून मूळ योजनेत स्वॅप रॅममध्येच, झेडरॅम पद्धतीने असतो. तिथे हायबरनेटसाठी डिस्कवर वेगळी जागा करावी लागते. शिवाय जागे होताना मजकूर कुठून उचलायचा, हे अनेक वितरणांत 'रिझ्यूम' या नावाने कर्नलला सांगून ठेवावे लागते. सिक्युअर बूट चालू असल्यास अनेक वितरणांत कर्नल हायबरनेटला मज्जाव करते. हे काम महाविद्यालयाच्या संगणक विभागातील सहकाऱ्याच्या मदतीने केलेले बरे.

चाचणी

योजना केली की तिची परीक्षा घ्यावी. प्रथम सर्व फाइली जतन कराव्यात. मग 'सिस्टमसीटीएल सस्पेंड' ही आज्ञा देऊन पाच मिनिटांनी यंत्र जागे करावे आणि पडदा, आवाज, वायफाय व घड्याळ तपासावे. हे एकदाच करून थांबू नये. दहा वेळा करावे, कारण काही दोष चौथ्या-पाचव्या वेळी उघड होतात. त्यानंतर रात्री झोपण्यापूर्वी बॅटरीची टक्केवारी वहीत टिपावी आणि सकाळी पुन्हा पाहावी. एका रात्रीत मोठी घट दिसली, तर यंत्र सोंग घेत आहे असे समजावे.

यंत्र आपोआप जागे होत असेल, तर 'प्रॉक' निर्देशिकेतील 'एसीपीआय' उपनिर्देशिकेत 'वेकअप' ही फाइल पाहावी. कोणत्या उपकरणांना यंत्र उठवण्याची मुभा आहे, हे तिथे कळते. पिशवीत हललेला यूएसबी माउसही कधीकधी यंत्र उठवतो. झोप रद्द होत असेल, तर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. अडथळा कोणाचा, हे बहुधा तिथे लिहिलेले असते.

समारोप

निद्रा म्हणजे जतन नव्हे, हा या विवेचनाचा सारांश. झोपलेल्या यंत्रातील काम विजेच्या भरवशावर असते, आणि गुणपत्रके व प्रश्नपत्रिका अशा भरवशावर सोडण्याच्या वस्तू नाहीत. जागे झाल्यावर परवलीचा शब्द विचारला जाईल अशी व्यवस्थाही अवश्य असावी, कारण त्या फाइली विद्यार्थ्यांच्या आहेत. उर्दूत गाफील माणसाच्या झोपेला 'गफ़लत की नींद' म्हणतात. यंत्राला झोपू द्यावे. त्याच्या झोपेविषयी गाफील मात्र आपण राहू नये.