पाणी पोटात घेणारे पेट्रोल

जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत ऊस वाढला, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि मराठवाड्याच्या या ऊसपट्ट्याचा संबंध आज वाहनांच्या टाकीशीही जुळला आहे. कारण मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासून बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये शंभरी वीस भागांपर्यंत मिसळले जाते. या मिश्रणाचे देशातील पहिले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाड येथे झाले होते.

साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. ते टाकीच्या तळाशी वेगळे साचते आणि म्हणून सहज सापडते. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे, तर दुसरे तेलात रमणारे असल्यामुळे ते पाण्याला पेट्रोलमध्ये सामावून घेते, आणि हे पाणी अल्प असेपर्यंत इंधन स्वच्छ दिसते व इंजिनही बिनतक्रार चालते.

मात्र या सामावून घेण्याला मर्यादा आहे. शंभरी दहा भाग इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंश सेल्सियसच्या आसपास अर्धा टक्का पाणी पेलते, म्हणजे दहा हजार लिटरच्या साठ्यात सुमारे पन्नास लिटर. ही मर्यादा ओलांडली की पाणी एकटे वेगळे होत नाही, तर बरेचसे इथेनॉल सोबत घेऊन तळाशी बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळण्याची क्षमता, घटतो. खालचा थर इंजिनात गेला तर गाडी बंद पडते. थर पडलेल्या टाकीत नुसते नवे पेट्रोल ओतून मूळ मिश्रण परत मिळेलच असे नाही.

इथेनॉल जास्त तेवढा पाण्याचा धोका जास्त, हा समज अर्धवट आहे. वीस टक्क्यांचे मिश्रण दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा अधिक पाणी पेलते. ते फुटले तर मात्र तळाचा थरही मोठा असतो. तापमान उतरले की ही क्षमता कमी होते, त्यामुळे दुपारच्या उन्हात एकजीव असलेले मिश्रण रात्रीच्या गारठ्यात फुटू शकते. हवेतील दमट वाफ शोषल्याने एवढे पाणी जमायला बराच काळ लागतो. खरा दोष बहुधा सैल झाकणातून वा भूमिगत टाकीच्या मॅनहोलमधून शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याचा असतो.

पाणी पेलण्याची मर्यादा अशी तोकडी असल्यामुळेच कारखान्यात इथेनॉल निर्जल करणे अनिवार्य ठरते. साध्या ऊर्ध्वपातनाने ते वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणात द्रव आणि त्याची वाफ यांचे घटक सारखेच असतात. उरलेले पाणी मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे खनिज, टिपून घेते, कारण त्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो आणि इथेनॉलचा शिरत नाही. इथेनॉलच्या तुलनेत ब्युटेनॉल हे चार कार्बन अणूंचे अल्कोहोल पाण्यात फार कमी मिसळते, त्यामुळे थर पडला तरी ते बहुतांशी पेट्रोलमध्येच राहते. तथापि उसाच्या आंबवणीतून इथेनॉल जेवढे सहज मिळते तेवढे ब्युटेनॉल मिळत नाही.

पंपावर डिप घेताना, म्हणजे टाकीत रॉड बुडवून पातळी मोजताना, रॉडच्या टोकाला लावलेली वॉटर फाइंडिंग पेस्ट पाण्याने रंग बदलते, परंतु नेहमीची पेस्ट इथेनॉलमिश्रित पाण्याला नीट दाद देत नाही. अशा पंपांवर इथेनॉलसाठीच बनवलेली पेस्ट वापरावी लागते, आणि टाकीच्या तळापर्यंत रॉड पोचवून पावसाळ्यात, विशेषतः मोठ्या सरीनंतर, तपासणी करावी लागते.