घरच्या संगणकाला राखणदार कोणता?

आपल्या घरात महत्त्वाचे कागद पूर्वी पत्र्याच्या पेटीत असत. आजोबांचा शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, घरटॅक्सची पावती, आईच्या हाताने घडी करून ठेवलेले. आता पेटीच्या जोडीला संगणक आला आहे. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावीही, ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात शिकते, त्या घरी पोटाला चिमटा घेऊन का होईना, एखादा जुना-नवा संगणक घेतला जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, जात पडताळणीचा अर्जही ऑनलाइन करायचा. त्यासाठी घरातले सगळे कागद स्कॅन होऊन संगणकात जातात.

या कागदांची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, त्याही प्रमाणपत्राशिवाय हाती पडत नाहीत. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संगणकातली फाईल उघडलीच नाही तर मुलीचे वर्ष पणाला लागते. म्हणून संगणकाला राखणदार, म्हणजे अँटिव्हायरस, कोणता ठेवावा, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, घरच्या शिक्षणाचा आहे.

विषाणू येतो कोठून?

संगणकाचा विषाणू म्हणजे कोणीतरी मुद्दाम लिहिलेला आज्ञांचा संच. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम जातीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीतून फिरे. पुढे ‘चेर्नोबिल’ नावाने ओळखला गेलेला विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला आणि जगभर असंख्य संगणक निकामी करून गेला.

भिवापूरच्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला जड नाही. आपल्या भागातली मिरची नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले; पण त्याच मिरचीवर चुरडा-मुरडा पडला की पाने वळतात आणि पीक हातचे जाते. त्यात पांढरी माशी रोगाचा विषाणू या झाडावरून त्या झाडावर नेते. संगणकाच्या बाबतीत हेच काम पेन ड्राइव्ह करतो. मुलगा तो झेरॉक्सच्या दुकानात नेतो, सेतू केंद्रात लावतो, मित्राच्या नोट्स घेतो आणि घरी आणून लावतो. मग फोल्डर दिसेनासे होतात, त्यांच्या जागी बाण असलेली नुसती चिन्हे उरतात. म्हणून बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी तपासावा, मगच उघडावा.

पुण्याच्या दोघा भावांची गोष्ट

हा उद्योग परदेशी कंपन्यांचाच, अशी समजूत असेल तर ती सोडावी. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले कैलाश काटकर यांचे शिक्षण दहावीनंतर सुटले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम ते शिकले, पुढे स्वतःचे दुकान काढले आणि संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे विषाणू काढणारा प्रोग्राम लिहिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ बाजारात आले. २००७ साली कंपनीलाही तेच नाव मिळाले आणि २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. मात्र कोणाचीही गोष्ट चांगली आहे म्हणून त्याचा माल डोळे मिटून घ्यावा, असे नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना हेच समजावले होते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर काही स्वीकारू नका. स्वतः पारखून पाहा. कृषी केंद्राचा दुकानदार ज्या औषधात त्याला चार पैसे जास्त मिळतात तेच पुढे करतो, हा आपला अनुभव आहे. संगणकाचा दुकानदारही त्याच बाजारात बसला आहे.

पारख कशी करावी?

पहिली गोष्ट, घरात राखणदार आधीच आहे का ते पाहा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डिफेंडर’ नावाचा अँटिव्हायरस आतच असतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तो चालू आहे ना, एवढे पाहावे. त्यातच ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ हा भाग आहे. त्यात निवडलेल्या फोल्डरांना अनोळखी प्रोग्रामला हात लावता येत नाही. ही सोय सहसा बंद असते, ती आपण चालू करायची. साधा अभ्यास, अर्ज आणि वाचन करणाऱ्या घराला एवढा राखणदार बहुधा पुरतो.

दुसरी गोष्ट, विकत घ्यायचाच असेल तर एकच घ्या. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर प्रत्येक फाईल दोघेही तपासू लागतात, एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक बैलगाडीच्या चालीने चालतो. घेण्यापूर्वी जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या स्वतंत्र संस्थांचे निकाल पाहावेत. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : मुदत किती वर्षांची? दुसऱ्या वर्षी किती पैसे लागतील? पैसे आपोआप कापले जातात का? मुदत संपलेला अँटिव्हायरस नुसता शोभेला ठेवू नये, काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला का ते पाहावे.

तिसरी गोष्ट, फुकटाचीही किंमत असते. ‘अव्हास्ट’ या प्रसिद्ध अँटिव्हायरसच्या कंपनीने ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ साली तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकट घ्यायला हरकत नाही, पण आपली कोणती माहिती जाते ते पाहून घ्यावे. चोरीचे, म्हणजे ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर तर घरात आणूच नये. ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चौकीदाराला झोपवून दार उघडण्यासारखेच ते आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अँटिव्हायरस ओळखीच्या विषाणूंच्या खुणा जुळवून पाहतो आणि प्रोग्रामचे वागणे संशयास्पद आहे का, यावर नजर ठेवतो. नव्या खुणा रोज याव्या लागतात, म्हणून ‘अपडेट’ थांबवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जवळजवळ दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला त्यांना ती वाट बंद होती. विंडोज ७ ला असे अपडेट देणे जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भिंतच पडकी असेल तर महागडा राखणदारही किती पुरणार? जुन्या संगणकावर विंडोजची नवी आवृत्ती चालत नसेल, तर जाणत्या मुलाच्या मदतीने विनामूल्य लिनक्स बसवावे.

राखणदाराच्या पलीकडे

कोणताही अँटिव्हायरस शंभर टक्के खात्री देत नाही. म्हणून कागदांची दुसरी प्रत हवीच. एक वेगळा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर सगळे स्कॅन ठेवा आणि काम झाले की तो काढून मूळ कागदांसोबत पेटीत ठेवा. लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरच्या फायलीही खंडणीखोर विषाणू कुलूपबंद करतो. शासनाच्या डिजिलॉकरमध्येही आपण स्कॅन केलेले कागद ठेवता येतात.

दुसरा धोका फोनवरून येतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्ही काढून देतो’ असे सांगणारा फोन किंवा पडद्यावर झळकणारा फोन नंबर ही फसवणूक समजावी. त्यांनी सांगितलेले अॅप बसवले की संगणक त्यांच्या हाती जातो. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर विषाणू काढण्याची साधनेही मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ साली सुरू झाले.

तरुणांना एक विनंती. रविवारी विहारात वंदना झाली की तास-दोन तास वस्तीतल्या संगणकांसाठी द्या. कोणाचा डिफेंडर बंद आहे, कोणाचे अपडेट अडले आहेत, कोणाच्या दाखल्याची दुसरी प्रत नाही, हे पाहायला पैसा लागत नाही. ज्या आई-वडिलांना कळफलक हाताळता येत नाही, त्यांच्याजवळ बसून हे करून द्यावे आणि त्यांनाही शिकवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होण्यापूर्वी एवढे झाले, तर कागद उघडत नाही म्हणून कोणा लेकराचा अर्ज मागे राहणार नाही.

जय भीम!