बाळाला धाप लागली, मग अँटिबायोटिक कशाला?

गेल्या वर्षी मी मामा झालो. ताईचं सिझर ठरलेल्या तारखेला झालं, कळा सुरू व्हायच्या आधीच. बाळ रडलं, आम्ही पेढे आणायला निघालो आणि तासाभरात फोन: श्वास मिनिटाला ८०, एनआयसीयूत हलवलंय, शिरेतून अँटिबायोटिक सुरू. दाजी भडकले, "इन्फेक्शन कुठंय?"

आता ऐका. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. हे पाणी कळांच्या वेळी शरीरात वाढणाऱ्या हार्मोन्समुळे आत शोषलं जातं. (जन्मताना पिळून निघतं असं आपण ऐकतो, पण तो भाग छोटा.) कळांशिवाय सिझर झालं की पाणी मागे उरू शकतं. मग ४० ते ६० श्वास घेणारं बाळ धापा टाकतं. याला टीटीएन म्हणतात. थोडा ऑक्सिजन दिला की बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात. अँटिबायोटिक त्या पाण्याला काहीच करत नाही.

मग देतात का? कारण पहिल्या काही तासांत न्यूमोनिया आणि सेप्सिसही अगदी असेच दिसतात, एक्स-रेसुद्धा फसवतो. टीटीएनच होतं हे खरं तर बाळ बरं झाल्यावरच पक्कं कळतं. आणि नवजात बाळाचा सेप्सिस काही तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून रक्ताचं कल्चर पाठवून औषध सुरू करतात.

पण सरसकट नको, हे मला पटलं. आईला ताप नाही, पाणमोट फुटून १८ तास उलटलेले नाहीत, बाळ पूर्ण दिवसांचं आहे आणि सुधारतंय, तर अनेक डॉक्टर नुसती नजर ठेवतात. कारण औषधाने पोटातले चांगले जंतूही मरतात. शिवाय दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलांमधल्या बाळांवरचा डेनिस अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात सेप्सिसचे कितीतरी जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. हे वाचून मी हादरलो.

म्हणून विचारायचं ते एवढंच: "कल्चर पाठवलंय का? रिपोर्ट कधी? निगेटिव्ह आला तर औषध कधी थांबवणार?"

आमचा रिपोर्ट ४८ तासांनी निगेटिव्ह आला, श्वासही ५० वर. मॅडमनी औषध बंद केलं. तर दाजीच म्हणाले, "अहो, कोर्स पूर्ण करायला हवा ना?" मॅडम हसल्या. "कोर्स इन्फेक्शनचा असतो. ते नाहीच तर कोर्स कसला?" संध्याकाळी बाळ ताईच्या कुशीत दूध पीत होतं.