गंज : डाग आणि रंग

कोल्हापुरात 'गुजरी' म्हटले की सराफांच्या पेढ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. बंगळुरूच्या कन्नड बोलीत मात्र 'गुजरी' म्हणजे भंगार. येथील शिवाजीनगरची गुजरी जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. लोखंडाच्या व्यापाऱ्याला गंज हा शत्रू. परंतु कापडावर रंगांचे प्रयोग करणाऱ्या हौशी कलावंताला तेथील गंजलेली साखळी, बिजागरी किंवा नाल म्हणजे रंगाची कुपीच वाटावी.

गंजाचा डाग धुतल्याने जात नाही, ही घरोघरची तक्रार आहे. हा हट्टीपणाच रंगकामात उपयोगी पडतो. ओल्या कापडात गंजलेली वस्तू गुंडाळून त्यावर व्हिनेगर शिंपडले की लोहाचा काही अंश विरघळून धाग्यांत शिरतो आणि हवेतील प्राणवायूच्या संयोगाने तेथेच पुन्हा गंजरूप धारण करतो. नारिंगी, विटकरी, तपकिरी अशा छटा उमटतात आणि वस्तूचा आकारही कापडावर छापला जातो. एकेकाळी खाकी कापडासाठी लोह आणि क्रोमियम यांची संयुगे अशाच प्रकारे धाग्यांत बसविली जात असत.

गंजाचे दुसरे रूप मराठी स्वयंपाकघराला चांगलेच परिचित आहे. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळवंडतो. केसांसाठी लोखंडी कढईत भिजविलेला आवळाही काळाभोर होतो. आवळ्यातील तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. लोहाशी त्याचा संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो. हिरड्यात हे द्रव्य विपुल असते. आपल्या सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणाऱ्या हिरड्याचे रंगकामातील महत्त्व त्यामुळेच मोठे आहे.

भारतीय रंगाऱ्यांनी ही किमया फार पूर्वीच साध्य केली होती. गंजके लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात घालून ते मिश्रण अनेक दिवस आंबवायचे, ही पद्धत आजही टिकून आहे. आंध्रातील श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत या द्रावणाला 'कसीम' म्हणतात. कापड आधी हिरडा व दूध यांच्या मिश्रणात बुडवून वाळवितात. दुधामुळे रंग फुटत नाही. मग लेखणीतून उतरलेले फिकट द्रावण कापडावर टेकताच काळी रेघ उमटते. बंगळुरूतील मराठी भाषकांना या विद्येशी आपले जुने नाते सांगता येते. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या भावसार क्षत्रिय समाजाचा परंपरागत व्यवसाय कापड रंगविण्याचा व छापण्याचाच. 'रंगारी' हे त्यांचे नाव त्याचीच साक्ष देते.

घरच्या घरी

या प्रयोगास सुती कापड उत्तम. प्रथम ते गरम पाण्यात धुऊन त्यातील खळ पूर्णपणे काढावी. समप्रमाणात व्हिनेगर व पाणी घेऊन त्यात कापड भिजवावे, गंजलेल्या वस्तूंभोवती घट्ट गुंडाळावे व दोऱ्याने बांधावे. हवा थोडीफार खेळती राहील अशा रीतीने प्लॅस्टिकमध्ये झाकून ते ओलसर ठेवावे. एका दिवसात रंग दिसू लागतो. करडी वा काळी छटा हवी असल्यास कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. मनाजोगता रंग येताच कापड सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे आम्लाचा अंश नाहीसा होतो. नंतर साबणाने स्वच्छ धुवावे. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा रंग लावलेले लोखंड यासाठी निरुपयोगी. हातमोजे वापरावेत आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत.

मोहाला मर्यादा

येथवर सारे सुखावह आहे. मात्र लोहाचा एक दोष विसरून चालणार नाही. जे लोह रंग देते, तेच कालांतराने धागा कमकुवत करते. देशोदेशींच्या संग्रहालयांत जतन केलेल्या जुन्या भारतीय छिटांवर याचा पुरावा सापडतो. लाल फुले अद्याप टवटवीत असतात. पण त्यांच्या काळ्या बाह्यरेषांच्या जागी कापड झिजलेले, कुठे कुठे तर पार नाहीसे झालेले असते. रंग टिकला नाही असे नव्हे, त्याला धरून ठेवणारे वस्त्रच हरले.

म्हणूनच कापड गंजात आठवडेच्या आठवडे ठेवण्याचा मोह टाळावा. गंजाचे सुटे कण झटकून, धुऊन काढावेत. ते राहिल्यास शिवताना सुईही बोथट होते. रेशीम व लोकर यांच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. भिंतीवरची चित्रे, वह्यांची वेष्टने, गोधडीतील एखादा तुकडा यांसाठी हे कापड शोभून दिसते. रोज धुवायच्या वस्त्रासाठी मात्र नाही. छंदातून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या कारागिराने तर ही मर्यादा ग्राहकाला आधीच सांगावी. रंगाऱ्याची पत त्याच्या रंगाइतकीच त्याच्या शब्दावरही अवलंबून असते.

भंगारात निघालेला खिळा अखेर मातीतच मिसळायचा. तत्पूर्वी हातभर सुती कापडावर आपली खूण ठेवण्याची संधी त्याला मिळाली, तर त्यात दोघांचेही सार्थक आहे. प्रमाण सांभाळण्याचे काम तेवढे माणसाचे.