सहलीला निघण्यापूर्वी कोणते पुस्तक वाचाल?

मुलांनो, सहामाही परीक्षा संपत आली. दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे, आणि सुट्टीनंतर डिसेंबरात आपली सहल जायची आहे. आधी प्रतापगड, मग रायगड आणि शेवटी खाली दापोली-हर्णैचा समुद्र. फळ्यावर सूचना लागल्यापासून वर्गात दुसरा विषय नाही. बरोबर काय न्यायचे याची यादी मी तुम्हांला करायला सांगितली होती. याद्या चांगल्या झाल्या. चादर, पाण्याची बाटली, बॅटरी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळे आहे. पण एकाही यादीत पुस्तक नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, सहलीत बी वाचायचं व्हय?" नाही. सहलीत पाहायचे. वाचायचे ते आधी. आणि आधी का, ते सांगायला मला माझी एक चूक सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका गावी शिक्षक होतो. चाळीस मुले घेऊन आम्ही रायगडावर गेलो. मुलांनी काही वाचले नव्हते आणि खरे सांगायचे तर मीही नाही. बाजारपेठेपाशी आल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, हितली जोती एवढी उंच का ओ?" कोणाकडून तरी ऐकलेले मी ठोकून दिले, "घोड्यावर बसल्या बसल्या माल घेता यावा म्हणून." तिने ते लगेच वहीत लिहून घेतले. पुढे राजवाड्याच्या जागी दुसऱ्या मुलाने विचारले, "राजाच्या वाड्याला छप्पर का नाही?" मी म्हटलं, "जुना आहे, पडलं असेल. चला, रांग मोडू नका."

घरी आल्यावर मन खाऊ लागले, म्हणून पुस्तके काढून बसलो. तेव्हा कळले की छप्पर नुसते जुने होऊन पडलेले नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, आग लागली आणि लाकडी बांधकाम जळून गेले. उरली ती दगडी जोती. आणि घोड्यावरून खरेदीची गोष्ट? ती लोकांत सांगितली जाते, पण त्या जागेबद्दल अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. मी मात्र ती पक्की माहिती म्हणून सांगून बसलो होतो.

त्या मुलीच्या वडिलांनी सहलीचे पैसे ऊसतोडीच्या उचलीतून दिले होते. एवढ्या कष्टाच्या पैशातून ती गडावर आली आणि गुरुजींचे ऐकीव उत्तर घेऊन परत गेली. पुढे ती शाळा सोडून गेली. तिची वही काही मला दुरुस्त करता आली नाही. तेव्हापासून मी ठरवले, सहलीच्या आधी पुस्तक. पण कोणते? ते कसे निवडायचे, तेच आज पाहू.

१. आधी नकाशा, मग पुस्तक

पुस्तकांच्या पेटीत हात घालण्यापूर्वी महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावा. सोलापूर जिल्ह्यावर बोट ठेवा आणि पश्चिमेकडे सरकवत न्या. आधी आपले पठार, मग सातारा जिल्हा, मग सह्याद्रीची रांग. घाट उतरला की कोकण. वाटेत कोणती नदी लागते, कोणता घाट लागतो, हे लिहून काढा. म्हणजे कशाचे पुस्तक हवे ते आपोआप कळते. आपल्या सहलीत किल्ले आहेत, समुद्र आहे आणि कोकणातली खेडी आहेत. तेव्हा या तिन्हींपैकी ज्याची तुम्हांला जास्त ओढ, त्याचे पुस्तक आधी घ्या. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचे कारण नाही. वर्गात गट करा. एका गटाने किल्ले घ्यावेत, दुसऱ्याने समुद्र, तिसऱ्याने माणसे.

२. एक पुस्तक जागेचे, एक माणसांचे

जागेचे पुस्तक म्हणजे किल्ला कोणी बांधला, तिथे काय घडले, हे सांगणारे. रायगडासाठी चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून सुरुवात करा. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर झाला, आणि ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे निधनही तिथेच झाले. एवढे डोक्यात पक्के असले की गडावरच्या दोन जागा तुम्ही स्वतः शोधू लागाल: सिंहासनाची जागा आणि समाधी. मोठ्या मुलांना गो. नी. दांडेकर यांचे 'दुर्गभ्रमणगाथा' चाळता येईल. हा माणूस आयुष्यभर किल्ले पायांखाली घालत राहिला. एक नवी गोष्टही लक्षात ठेवा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. आपल्या सहलीतले प्रतापगड, रायगड आणि हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग हे तिन्ही त्या यादीत आहेत.

पण नुसते किल्ले वाचून कोकण कळत नाही. त्यासाठी माणसांचे पुस्तक हवे. मी म्हणेन, 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यांचे गाव पालगड, दापोली तालुक्यातले, म्हणजे आपण जाणार त्याच मुलखातले. पुस्तकातला श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो आणि आई त्याला बाहेर काढून विहिरीवर पाठवते. ते वाचताना आपली विहीर आठवा. आपल्याकडे उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. आपल्या सोलापूरकडे वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस. दापोलीकडे ३,००० मिलिमीटरच्या वर. म्हणून आपल्याकडे माळवदाची सपाट घरे, तर तिकडे उतरती कौले. आपली ज्वारी, तर त्यांचा भात. हा फरक पुस्तकात आधी भेटला की एस.टी.च्या खिडकीतून तो नीट दिसतो. नाहीतर नुसती "लई झाडं हायती" एवढेच म्हणून परत याल.

या पुस्तकात आपल्याकडे न बोलले जाणारे शब्द भेटतील. माड म्हणजे नारळाचे झाड. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. आगर म्हणजे घरामागची अशी बाग. खाडी म्हणजे समुद्राचे पाणी आत घुसते तो नदीच्या मुखाचा भाग. अशा शब्दांची यादी करा आणि तिथे गेल्यावर एकेक वस्तू ओळखा.

३. पुस्तकावरचे साल पाहा

हे फार जण विसरतात. पुस्तकाच्या पहिल्या पानांत ते कधी छापले ते दिलेले असते. आपल्या पेटीतल्या एखाद्या जुन्या पुस्तकात रायगड 'कुलाबा जिल्ह्यात' असे वाचाल आणि गोंधळाल. ते चूक नव्हे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. आपला शेजारचा उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव झाला आहे. जुन्या पुस्तकात रायगडाचा रोपवे नसेल, कारण तो १९९६ पासूनचा. कोकण रेल्वे नसेल, कारण ती पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये धावू लागली. त्याआधी कोकणचे लोक बोटीने ये-जा करीत, हे मात्र जुन्या पुस्तकातच छान सापडेल. म्हणजे जुने पुस्तक टाकून द्यायचे नसते. त्यातली वाट, भाडे, जिल्हा हे आज विचारून घ्यायचे आणि बाकीचे जपायचे.

४. गोष्ट कोणती आणि इतिहास कोणता

हिरकणीची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरलेली गवळण. गडावर हिरकणी बुरूज आहे. ही गोष्ट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, ती आवडीने वाचा. पण वहीत लिहिताना 'असे सांगतात' हे दोन शब्द पुढे घाला. जिथे साल, कागदपत्र, शिलालेख आहे तो इतिहास. जिथे तोंडी परंपरा आहे ती लोककथा. दोन्ही हव्यात, पण वेगवेगळ्या रकान्यांत. हेच मी त्या दिवशी केले नाही.

५. आपल्याला झेपेल ते घ्या

पुस्तक जाड आहे म्हणून चांगले, असे नसते. मधले एखादे पान उघडा आणि वाचा. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक घरी मोठ्यांकडून वाचून घ्या. तिसरी-चौथीच्या मुलांनी 'किशोर' मासिकाचे जुने अंक पाहावेत. बालभारतीने ते १९७१ मध्ये सुरू केले. किल्ल्यांवर, प्राण्यांवर, प्रवासावर त्यात पुष्कळ सापडते. जुने अंक आता मोबाईलवरही मोफत वाचता येतात, तेव्हा वडिलांचा फोन हाती आला तर गाण्याआधी तो अंक उघडा. आपल्या पेटीत नसलेले पुस्तक गावच्या वाचनालयात विचारा. कोणी सोलापूरला जाणार असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करायला सांगा.

जे सहलीला येणार नाहीत त्यांच्यासाठी

सगळ्यांना येता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. कोणाचे आई-वडील दिवाळीनंतर कारखान्यावर जातील, कोणाला घरी धाकट्याला सांभाळायचे असेल. पुस्तक तुम्हीही घ्यायचे. कोकणाचे घ्या किंवा आपल्याच मुलखाचे घ्या.

आपल्या मुलखाची पुस्तके काही थोडी नाहीत. सांगोल्यावरून माण नदी वाहते. त्या माणदेशातल्या साध्या माणसांवर व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' लिहिले. ते १९४९ साली प्रसिद्ध झाले. वाचून पाहा, त्यातली माणसे तुम्हांला आपल्या गल्लीत भेटतील. पक्ष्यांची आवड असेल तर मारुती चितमपल्ली. ते आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मले, वनखात्यात नोकरी करताना रानोमाळ हिंडले आणि २०२५ साली सोलापुरातच वारले. त्यांची पुस्तके मोठ्यांसाठी आहेत, पण मी वर्गात त्यांतली काही पाने वाचून दाखवीन. नान्नजच्या अभयारण्यात जायचे असेल तर जुन्या पुस्तकात माळढोकाचे वर्णन वाचायला मिळेल. आज मात्र माळढोक इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेलच असे नाही. काळवीट दिसतील. इथेही साल पाहायचे ते असे.

आणि आणखी एक. ज्या साने गुरुजींचे गाव पाहायला मुले कोकणात जाणार, ते गुरुजी आपल्याकडे आले होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण केले. 'श्यामची आई' वाचलेल्या मुलाने पंढरपूरला गेल्यावर हे आठवावे. तीही एक सहलच आहे.

घरी राहणाऱ्या प्रत्येकाने आपले पुस्तक वाचून एक प्रश्न चिठ्ठीवर लिहावा आणि सहलीला जाणाऱ्याच्या हाती द्यावा. जाणाऱ्याने त्याचे उत्तर शोधून आणलेच पाहिजे. न आणल्यास त्याला माझ्यासमोर उभे राहावे लागेल, बरे का!

आता करायचे काय?

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पुस्तकांची पेटी व्हरांड्यात ठेवली जाईल. शेजारच्या वहीत नाव, पुस्तक आणि तारीख लिहून पुस्तक न्या. दिवाळीच्या सुट्टीत वाचा. फटाक्यांपासून जपा, तेलाचे हात लावू नका. वाचताना वहीत तीन रकाने आखा: 'पुस्तकात काय आहे', 'असे सांगतात' आणि 'मी काय पाहिले'. तिसरा रकाना कोरा ठेवा. तो सहलीत भरायचा आहे.

आणि चादर-बाटलीच्या यादीत एक वस्तू वाढवा. दोन मीटर दोरी, वीस-वीस सेंटिमीटरवर गाठ मारलेली. रायगडावर बाजारपेठेपाशी गेल्यावर जोत्याची उंची आपण सगळ्यांनी मिळून मोजायची आहे. मग त्याबद्दल कोण काय सांगते ते ऐकू, पुस्तकात काय आहे ते पाहू आणि वहीत तिन्ही वेगवेगळे लिहू. पुढच्या अंकात ते याच भिंतीवर लागेल.

— तुमचे वर्गशिक्षक